चित्रकलेचा तास : माध्यमिक शाळेतील कला आणि रचनेचे शिक्षण

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत चित्रकला हा विषय दोन रूपांत आढळतो. एक रूप वेळापत्रकातील आठवड्याच्या एकदोन तासिकांचे, तर दुसरे राज्याच्या कला संचालनालयातर्फे घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचे. यांपैकी दुसऱ्याचा प्रभाव पहिल्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे, कारण परीक्षेला आखीव अभ्यासक्रम आहे, श्रेणी आहे, आणि इंटरमिजिएटमधील अ, ब व क श्रेणीसाठी दहावीच्या निकालात अनुक्रमे 7, 5 आणि 3 वाढीव गुण मिळू लागल्यापासून एरवी या विषयाकडे न फिरकणाऱ्या पालकांचेही लक्ष तिकडे वळले आहे. परिणामी, चित्रकलेच्या तासाला काय शिकवायचे हे बहुतांशी परीक्षेत काय विचारले जाते यावरून ठरते, आणि म्हणून माध्यमिक वयातील कलाशिक्षणाचा विचार या परीक्षेपासून सुरू करणेच सोयीचे आहे.

परीक्षेचे विषय चार. स्थिरचित्रात समोर मांडलेल्या वस्तूंचा समूह, बहुधा एखादे भांडे, एकदोन फळे किंवा भाज्या आणि मागे सोडलेले कापड, पाहून काढायचा व रंगवायचा असतो. स्मरणचित्रात समोर काहीही नसताना आठवड्याचा बाजार, बसथांबा किंवा शाळेचे मैदान अशा एखाद्या विषयावर माणसांसह दृश्य रचायचे असते. संकल्पचित्रात दिलेल्या चौकटीत, दिलेल्या अटी पाळून नक्षी बसवायची असते, आणि चौथ्या विषयात अक्षरलेखनाबरोबर कर्तव्यभूमिती येते, म्हणजे सिद्धतेच्या मागे न लागता कंपास व पट्टीने आकृती प्रत्यक्ष काढून दाखवण्याची भूमिती. पाहणे, आठवणे, योजणे आणि मोजणे या चार क्रिया ज्या परीक्षेत आहेत तिची मूळ कल्पना वाईट आहे असे म्हणता येणार नाही. बिघडले आहे ते एवढेच की, चारही विषय एकमेकांपासून तोडून, चार वेगवेगळ्या युक्त्या असल्यासारखे शिकवले जातात, आणि ही तोडणी आजची नसून दीडशे वर्षांपूर्वीच्या एका परकीय गरजेतून आलेली आहे.

ती गरज इंग्लंडमधील कारखानदारीची होती. इंग्रजी कापड, भांडी आणि गालिचे यंत्रावर भराभर तयार होत असले तरी त्यांवरील नक्षी फ्रेंच मालापुढे फिकी पडते, ही खंत तेथील राज्यकर्त्यांना होती, आणि 1851 साली लंडनमध्ये भरलेल्या महाप्रदर्शनाने ती अधिकच ठळक केली. प्रदर्शनाच्या आयोजकांपैकी एक असलेले हेन्री कोल यांच्याकडे पुढे कलाशिक्षणाचे सरकारी खाते आले आणि साउथ केन्सिंग्टन या लंडनच्या भागात त्याचे केंद्र उभे राहिले. रिचर्ड रेडग्रेव्ह यांनी आखलेल्या त्याच्या अभ्यासक्रमात वीसहून अधिक टप्पे होते. विद्यार्थ्याने आधी साधनांनी सरळ रेषा काढाव्यात, मग छापील नमुन्यावरून मुक्तहस्त, म्हणजे साधनांशिवाय, बाह्यरेषा उतरवाव्यात, त्यानंतर छायाप्रकाश, मग घनाकृती, असे करत करत स्वतःची रचना करण्याची पाळी अगदी शेवटी यावी, अशी ती चढण होती. या खात्याच्या अतिरेकी शिस्तीची टिंगल चार्ल्स डिकन्स यांनी 1854 च्या ‘हार्ड टाइम्स’ या कादंबरीत केली आहे. तेथे एक सरकारी गृहस्थ वर्गातील मुलीला फुलांची चित्रे असलेला गालिचा पसंत केल्याबद्दल फैलावर घेतो, कारण खऱ्या फुलांवरून कोणी चालत नाही. गमतीचा भाग असा की, सपाट व शिस्तबद्ध नक्षीचा आदर्श म्हणून त्याच काळात इंग्रज जाणकार भारतीय कापडाकडे बोट दाखवत होते, आणि तीच शिस्त शिकवायला भारतात कलाशाळा निघत होत्या.

मुंबईची कलाशाळा जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 साली सुरू झाली. 1865 मध्ये तेथे आलेले जॉन ग्रिफिथ्स आणि जॉन लॉकवुड किपलिंग हे दोघेही साउथ केन्सिंग्टनच्या परिसरात घडलेले होते. या संस्थेने शहराला काय दिले हे क्रॉफर्ड मार्केट आणि आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस यांच्या दगडी कोरीवकामात दिसते, आणि ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती वर्षानुवर्षे करवून घेतल्या, हे ऋणही मोठे आहे. परंतु शाळांमधून चित्रकला शिकवायची वेळ आली तेव्हा उचलला गेला तो या परंपरेचा सर्वांत सोपा, म्हणजे मोजता येणारा भाग. साउथ केन्सिंग्टनच्या परीक्षांना ‘ग्रेड’ म्हणत आणि त्यांत मुक्तहस्तचित्र, वस्तुचित्र व कर्तव्यभूमिती हे विषय असत. महाराष्ट्रातील जुन्या ग्रेड परीक्षा दिलेल्या पिढ्यांना ही नावे परिचित वाटतील. अर्धी आकृती फळ्यावर पाहून तिची दुसरी बाजू तंतोतंत जुळवण्यात त्या पिढ्यांचा हात तयार झाला, हे खरेच आहे. डोळा तयार होण्याची जबाबदारी मात्र कोणाकडेच नव्हती.

याच्या अगदी उलट टोकाचा विचार युरोपातच उगवला. व्हिएन्ना येथे फ्रान्झ चिझेक यांनी 1897 मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि मूल हे अर्धवट वाढलेला प्रौढ चित्रकार नसून त्याच्या चित्राला स्वतःचे नियम असतात, अशी भूमिका घेतली. इंग्रज कलासमीक्षक हर्बर्ट रीड यांच्या 1943 च्या ‘एज्युकेशन थ्रू आर्ट’ या ग्रंथाने कला हाच शिक्षणाचा पाया असावा असा आग्रह जगभर पोचवला. महाराष्ट्रात हा विचार पुस्तकांच्या आधी एका वेगळ्या वाटेने आला होता. वर्धा येथील 1937 च्या परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने आखलेल्या नई तालीमच्या, म्हणजे हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या पायाभूत शिक्षणाच्या, अभ्यासक्रमात चित्रकला आणि संगीत यांना जागा होती, आणि 1944 मध्ये शांतिनिकेतनहून सेवाग्रामला आलेल्या देवी प्रसाद यांनी तेथे मुलांबरोबर चित्रे आणि मातीकाम या दोन्हींचे काम अनेक वर्षे चालवले. त्यांच्या कामात मुक्त अभिव्यक्ती होती, पण ती कामाच्या वस्तूपासून तुटलेली नव्हती; पुढे शहरी शाळांनी ‘मुलांना हवे ते काढू द्या’ एवढेच सूत्र घेतले आणि शिक्षकाचे काम कागद वाटण्यापुरते उरले, तेव्हा हा दुवा निसटला.

आता प्रश्न वयाचा. मूळचे ऑस्ट्रियातील आणि नंतर अमेरिकेत गेलेले कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. गिरगोटण्यापासून सुरुवात करून मूल सातआठ वर्षांचे होईपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी एक ठरीव खूण तयार करते : घर म्हणजे चौकोनावर त्रिकोण, झाड म्हणजे खांबावर गोळा, आणि सर्व काही कागदाच्या तळाशी ओढलेल्या एका जमीनरेषेवर उभे. भिंतीच्या आत बसलेली आजी बाहेरून दिसली तरी त्या वयात काही बिघडत नाही. साधारण बारा ते चौदा या वयात मात्र तेच मूल स्वतःच्या चित्राकडे परक्याच्या नजरेने पाहू लागते, टेबलाचे पाय चुकल्याचे त्याला कळते पण का चुकले ते कळत नाही, आणि या खिन्नतेतून ‘मला चित्रकला येत नाही’ हे वाक्य जन्माला येते. अनेक सुशिक्षित प्रौढांची चित्रे बाराव्या वर्षीच्या चित्रांपलीकडे जात नाहीत, याचे कारण याच वळणावर त्यांचा कागदाशी संबंध संपलेला असतो. आठवी-नववीच्या वर्गात केवळ हात घोटवून घेणारी पद्धत अपुरी पडते आणि केवळ स्वातंत्र्य देणारी पद्धतही अपुरी पडते, ती यासाठी. या वयाच्या मुलाला पाहण्याची रीत हवी असते आणि आपण घेतलेल्या निर्णयाचे कारण सांगता यावे असेही वाटत असते.

पाहण्याची रीत शिकवता येते, हे स्थिरचित्रातील एका नेहमीच्या चुकीवरून स्पष्ट होईल. कळशी काढताना बहुतेक विद्यार्थी तिचे तोंड बदामासारखे दोन्ही टोकांना अणकुचीदार काढतात आणि बूड सरळ रेषेत कापतात. तोंड गोल आहे आणि बूड टेबलावर सपाट टेकले आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि डोळ्यांना दिसणाऱ्या आकारावर हे ठाऊक असणे मात करते. येथे ‘नीट बघ’ असे सांगून काही साधत नाही. त्यापेक्षा विद्यार्थ्याच्या हाती एक बांगडी देऊन ती डोळ्यांच्या रेषेत आडवी धरायला सांगावी : ती रेघेसारखी दिसते. मग ती आडवीच ठेवून हळूहळू खाली न्यावी : तिचे लंबवर्तुळ, म्हणजे दबलेले वर्तुळ, होत जाते आणि जितकी ती खाली जाईल तितके ते अधिक फुगते. एवढ्यावरून कळशीच्या बुडाची वक्रता तोंडाच्या वक्रतेपेक्षा जास्त असायला हवी हे विद्यार्थी स्वतःच ताडतो, आणि वर्तुळाला कोठेही कोपरा नसल्याने लंबवर्तुळालाही नसतो हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. हात ताठ धरून पेन्सिलीवर अंगठ्याने रुंदी मोजणे आणि ती उंचीत किती वेळा बसते हे पाहणे, ही दुसरी रीत. वस्तूऐवजी दोन वस्तूंमधील रिकाम्या जागेचा आकार आधी काढणे ही तिसरी; ती विशेष गुणकारी ठरते, कारण कळशी आणि पपई यांच्यामधल्या पोकळीला नाव नसते, आणि ज्याला नाव नाही त्याची ठरीव खूणही मनात नसते. अमेरिकेतील बेटी एडवर्ड्स यांनी 1979 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात चित्र उलटे ठेवून त्याची नक्कल करायला सांगितले, त्यामागील तत्त्वही हेच आहे. मेंदूच्या उजव्या-डाव्या अर्ध्यांविषयी त्यांनी केलेली मांडणी आज शास्त्रज्ञांना मान्य नाही, पण पाठ मात्र वर्गात उपयोगी पडतो.

स्मरणचित्राची स्थिती चारांत सर्वांत केविलवाणी आहे. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांतून डोक्यावर टोपली घेतलेली बाई, छत्री धरलेला माणूस आणि पाठमोरे मूल अशा तीनचार आकृत्या पाठ करायच्या आणि विषय जत्रेचा असो वा रेल्वे फलाटाचा, त्याच माणसांची जागा बदलून वर्णी लावायची, असा सरावाचा मार्ग आहे. ज्या विद्यार्थ्याने दर आठवड्याला गावचा बाजार पाहिला आहे त्याच्या कागदावरही पुस्तकातलाच बाजार भरतो. स्मरणशक्ती वाढवण्याची पद्धतशीर रीत मात्र एकोणिसाव्या शतकातच उपलब्ध होती. पॅरिसमधील सजावटकलेच्या शाळेत शिकवणारे ओरास लकोक द ब्वाबोद्रां यांनी 1848 मध्ये चित्रात्मक स्मृतीच्या शिक्षणावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. शिल्पकार ऑगुस्त रोदँ त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांची रीत साधी होती. आधी एखादी सोपी आकृती मन लावून पाहायची, तिच्यातील अंतरे व कोन मनात नोंदवायचे, ती नजरेआड करून काढायची, मूळ आकृतीशी ताडून पाहायची, आणि ते जमू लागले की हळूहळू चेहरे, हालचाली आणि मोकळ्या जागेतील माणसे यांच्याकडे जायचे. माध्यमिक शाळेत यासाठी वेगळा खर्च लागत नाही. गुरुवारी बाजारातून येताना भाजीवाली तराजू कोणत्या हाताने धरते, पोत्यांची तोंडे कशी दुमडलेली असतात आणि ताडपत्रीची सावली कोठे पडते, एवढ्या तीनच गोष्टी पाहून यायला सांगितले आणि शुक्रवारी त्या काढून घेतल्या, तरी पाठ केलेल्या बाईची टोपली खाली उतरते.

संकल्पचित्र हा खरे तर परीक्षेतील एकमेव विषय जो रचनेकडे, म्हणजे काहीएक हेतू मनात धरून वस्तू योजण्याकडे, जाऊ शकला असता. प्रत्यक्षात त्याचा अर्थ चौकोन भरणे असा झाला आहे. पानाफुलांचे चार आकार, त्यांची पुनरावृत्ती, दोन गडद व दोन फिके रंग, कडेला स्वच्छ रेघ, आणि नक्षी कशासाठी हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. लोककलेचे हालही याच पद्धतीने होतात. वारली चित्रांचे त्रिकोणी माणूस आणि फेर धरून नाचणारी रांग हे आकार शाळांच्या भिंतींवर, वह्यांच्या कव्हरांवर आणि संकल्पचित्रांच्या किनारींवर सर्रास दिसतात. परंतु डहाणू-जव्हारच्या परिसरात लग्नाच्या वेळी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर जो चौक लिहितात, त्यात पालघाट देवीला मधोमध का बसवतात, गेरू-शेणाच्या भिंतीवर पांढरा हा एकच रंग का पुरतो, आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हीच रेषा कागदावर आणली तेव्हा चित्रात काय बदलले, यांपैकी कशाचीही चर्चा वर्गात होत नाही. कारण काढून घेतल्यावर उरलेला आकार हा केवळ शिक्का असतो.

रचनेचे शिक्षण कसे असावे याचा नमुना शोधायला फार लांब जावे लागत नाही. डिसेंबर 1936 मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तेथील नगराची सजावट बांबू, चटया अशा आसपास मिळणाऱ्या सामानातून उभी केली. काय उपलब्ध आहे, किती खर्च परवडतो आणि हजारो माणसांना काय दिसले पाहिजे, या अटी आधी आणि आकार नंतर, असा तो क्रम होता. दुसरा नमुना एका अहवालाचा आहे. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेले अमेरिकी रचनाकार चार्ल्स आणि रे ईम्स यांनी 1958 मध्ये सादर केलेल्या ज्या अहवालानंतर 1961 साली अहमदाबादेत राष्ट्रीय रचना संस्था स्थापन झाली, त्यात त्यांनी रोजच्या वापरातील तांब्याला मोठा मान दिला आहे. त्यात किती पाणी मावावे, तो भरल्यावर व रिकामा असताना किती जड लागतो, कमरेवर, हातात वा डोक्यावर कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, किंमत किती, असे प्रश्न त्यांनी ओळीने मांडले आणि हा आकार कोणा एका माणसाने ठरवला नसून पिढ्यांनी घडवला आहे, याकडे लक्ष वेधले. स्थिरचित्राच्या टेबलावर दरवर्षी ठेवल्या जाणाऱ्या कळशीला हे प्रश्न महाराष्ट्रातील किती वर्गांत विचारले गेले असतील, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. त्या एका भांड्यात पाहण्याचा, आठवण्याचा, योजण्याचा आणि मोजण्याचा असे चारही पाठ मावतात : ते आधी समोर ठेवून काढावे, मग ते कमरेवर घेतलेली व्यक्ती आठवून काढावी, त्याचा उभा छेद भूमितीने मांडावा आणि शेवटी लहान भावंडाला उचलता येईल अशी कळशी पुठ्ठ्यात करून पाहावी.

अशा कामात एक अट कटाक्षाने पाळावी लागते. विद्यार्थ्याला पहिल्याच कल्पनेवर थांबू द्यायचे नाही. शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ मधल्या सुट्टीत होणारी गर्दी हा प्रश्न घेतला, तर बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ती ‘रांगेत उभे राहा’ अशी पाटी. चार दिवस टाकीजवळ थांबून टिपणे काढली की नळांमधील अंतर कमी आहे, बाटली भरणारे आणि ओंजळीने पिणारे एकाच नळाला लागतात, पाचवीच्या मुलांचा हात पोचत नाही, अशा गोष्टी लक्षात येतात आणि पाटीची गरजच कमी होते. त्यानंतर किमान पाचसहा छोटी कच्ची रेखाटने, त्यांतील दोनांचे रद्दी पुठ्ठ्याचे नमुने, ते प्रत्यक्ष वापरून पाहणे आणि एक सोडून देणे, एवढा प्रवास झाला तर चौदा वर्षांच्या मुलाने रचनाकाराचे काम केले असे म्हणायला हरकत नाही.

अक्षरलेखनाकडेही याच नजरेने पाहता येईल. आज ते पट्टीने आखलेल्या दोन रेघांत ठोकळा अक्षरे बसवण्यापुरते आहे. टोक तिरपे कापलेला बोरू एकाच कोनात धरून मुलांना देवनागरी लिहू दिली, तर जाड आणि बारीक रेषा हाताच्या कौशल्यातून नव्हे तर साधनाच्या धारेतून येते हे त्यांच्या लक्षात येते, आणि छापील अक्षराचे वळण असेच का, याचाही उलगडा होऊ लागतो. अक्षरांमधील अंतराचा पाठ तर अधिक मोलाचा आहे. पट्टीने मोजून समान अंतर ठेवले तरी उभ्या दांड्याची दोन अक्षरे शेजारी आली की दाटल्यासारखी दिसतात आणि ‘ट’, ‘ठ’, ‘ढ’ अशी गोलाईची अक्षरे विस्कळीत वाटतात. म्हणजे डोळ्याला समान वाटण्यासाठी अंतर मोजून असमान ठेवावे लागते. भूमितीच्या तासाला जे अचूक तेच अक्षराच्या पाटीवर चूक ठरते, हा अनुभव या वयाला चकित करणारा असतो. कर्तव्यभूमितीविषयी येथे एवढेच की, षटकोन, स्पर्शिका आणि गुंतलेली वर्तुळे ठिपक्यांच्या रांगोळीत आणि जुन्या वाड्यांच्या जाळ्यांत सापडत असताना ती केवळ क्रमांक घातलेल्या कृती म्हणून शिकवण्याचे कारण नाही.

या सगळ्याला मूल्यमापनाची अडचण येते. तयार चित्राला श्रेणी देणे सोपे असते, तर कच्च्या रेखाटनांची वही तपासणे वेळखाऊ, आणि वेळ हीच या विषयाची सर्वांत तुटपुंजी बाब आहे. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाविषय सक्तीचे असावेत अशी भूमिका घेतली. पण शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी कलाशिक्षणाचा जो शिक्षक सांगितला तो अर्धवेळ निदेशक आहे, आणि तोही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांपुरता. पन्नास मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांची तासिका असेल, तर शिक्षकाच्या वाट्याला एका मुलासाठी एक मिनिटही येत नाही. त्यामुळे जे शिक्षक या चौकटीत काही साधू पाहतात त्यांना तपासणीचे काम वर्गातच वाटून द्यावे लागते. दर पंधरवड्याला सगळ्या वह्या बाकांवर उघड्या ठेवून मुलांना वर्गातून एक फेरी मारू द्यावी. प्रत्येकाने दुसऱ्याच्या वहीतील एका रेखाटनासमोर थांबून त्यात काय सोडून दिले आणि का, एवढेच त्याला विचारावे, ‘छान आहे’ हा शेरा त्या तासापुरता बंद ठेवावा, आणि शिक्षकाने ऐकत ऐकत फक्त त्या पाचसहा वह्या बाजूला काढाव्यात ज्यांच्या मालकांना उत्तर देता आले नाही. पुढच्या तासाची सुरुवात मग त्या वह्यांपासून करता येते.